पाण्याखालचा चष्मा व त्याचें मोल

गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरांत एका लहानशा वस्तूवरून चार दिवस वाद चालला होता. वस्तु म्हटली तर दोन तळहातांएवढी : समोर काच, तिच्याभोंवतीं सिलिकॉनची मऊ झालर आणि डोक्यामागून घ्यावयाचा एक पट्टा. पाण्याखालीं उतरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर व नाकावर बसणारा हा मास्क. आमची थोरली पुतणी अंदमानांतील स्वराज द्वीप येथें (२०१८ च्या डिसेंबरपर्यंत ज्यास हॅवलॉक म्हणत तेथें) स्कूबा डायव्हिंगचें रीतसर शिक्षण घेण्यास जाणार होती. तिनें पसंत केलेल्या मास्कची किंमत होती १८,५०० रुपये. त्याच दुकानाच्या यादींत ३,८०० रुपयांचाही मास्क होता. आणि बाजारांत आठशें रुपयांनाही ‘डायव्हिंग मास्क’ ह्या नांवाची वस्तु मिळते, हें आमच्या धाकट्या पुतण्यानें लगेच मोबाइलवर काढून दाखविलें.

थोरल्या बंधूंचें मत ठरलेलें होतें. “जिवाच्या गोष्टींत घासाघीस करूं नये,” ते म्हणाले. मातोश्रींचें वय ८४. त्यांनीं यादींतील दोन्ही चित्रें नीट न्याहाळलीं व विचारलें, “काचेंतून पाहायचंच ना? मग ह्या काचेंतून मासा दिसतो आणि त्या काचेंतून देवमासा दिसतो कीं काय?” सगळे हंसले. वहिनी मात्र हंसल्या नाहींत. त्या एवढेंच म्हणाल्या, “किती का पडेना, पण मालवणासारखं पुन्हा व्हायला नको.”

मालवणास काय झालें तें सांगितल्याशिवाय ह्या वादाचें मर्म वाचकांच्या ध्यानीं येणार नाहीं.

तीन वर्षांपूर्वीं नाताळच्या सुटींत आम्ही सहकुटुंब तिकडे गेलों होतों. शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं कुरटे बेटावर बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग पाहून झाला, आणि दुसऱ्या दिवशीं मुलांच्या आग्रहास्तव किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यांत ‘स्कूबा’ करण्याचें ठरलें. तेथली रीत वाचकांपैकीं पुष्कळांनीं अनुभविली असेल. होडींत दहा मिनिटें सूचना मिळतात, अंगाला घट्ट बसणारा पोशाख चढवितात, आणि मग एक मार्गदर्शक आपल्या पाठीवरील टाकी धरून आपणांस अलगद खालीं नेतो. पोहतां न येणारी माणसेंही अशीं उतरतात व आनंदानें वर येतात. तेव्हां ह्या पद्धतीस नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु मास्क मात्र एका पाटींतून, हाताला येईल तो, असे वांटले गेले. आमच्या वांट्यास आलेल्या मास्कची झालर उन्हानें ताठ झालेली होती. त्यांत आम्हांस मिशा. त्या मिशांनीं झालरीस अशी कांहीं उचलून धरली कीं, तळाचीं पोंवळीं पाहण्याऐवजीं आम्ही सारा वेळ नाकाशीं येणारें खारें पाणी मोजीत होतों.

पुतणीची गोष्ट निराळी. तिच्या चष्म्याचा नंबर ऋण साडेपांच. चष्मा होडींत आईच्या हातीं ठेवून ती उतरली, तेव्हांच अर्धें जग धूसर झालें होतें. तीन-साडेतीन मीटरांवर गेल्यावर मास्कमध्यें पाणी शिरलें, तें नाकापर्यंत चढलें, आणि घाबरून तिनें नाकानें श्वास घेतला. पुढें काय झालें असेल ह्याची कल्पना वाचकांनीं करावी. तिनें मार्गदर्शकाचा हात झिडकारला व वर येण्यासाठीं धडपड केली. तो मनुष्य जाणता होता. त्यानें तिला घट्ट धरून, श्वास सोडावयास लावीत, सांवकाश वर आणिलें. होडीच्या कांठाशीं तिचें डोकें दिसेपर्यंत वहिनींचा जीव त्या चष्म्याच्या काडींत अडकलेला होता.

तेव्हां १८,५०० रुपयांच्या मागें हौस नव्हती, एक भीति होती. महाग वस्तु घेतली कीं ती भीति जाईल, अशी पोरीची व बंधूंची समजूत. ही समजूत खरी कीं खोटी हें तपासणें आम्हांस भाग पडलें, आणि त्यासाठीं पुष्कळसें वाचून, विचारून, व शेवटीं तोंडावर मास्क लावून पाहून जें हातीं आलें तें येथें देत आहों.

आधीं ही वस्तु करते काय? आपला डोळा हवेंत पाहण्यासाठीं घडलेला आहे. डोळ्याच्या पुढचा जो पारदर्शक वक्र पडदा, तो हवेंतून आलेल्या किरणांस वांकवून आंत नेतो. पाणी थेट डोळ्याला लागलें कीं हें वांकविणें जवळजवळ थांबतें, कारण पाणी व तो पडदा ह्यांच्या घनतेंत फारसा फरक नाहीं. म्हणून पाण्याखालीं उघड्या डोळ्यांनीं सारें धुक्यांत बुडाल्यासारखें दिसतें. मास्क डोळ्यापुढें चिमूटभर हवा धरून ठेवतो, आणि दृष्टि परत येते. तीही थोडी फसवी असते. किरण पाण्यांतून हवेंत येतांना वांकतात, त्यामुळें मासा एक-तृतीयांशानें मोठा आणि चौथाईनें जवळ दिसतो. मातोश्रींच्या देवमाशाच्या प्रश्नाचें उत्तर हें असें आहे; मात्र ही वाढ आठशेंच्या काचेंतूनही तितकीच व अठरा हजारांच्या काचेंतूनही तितकीच.

दुसरें काम दाबाचें. दहा मीटर खालीं गेलें कीं माणसावरील दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, व कोंडलेली हवा आकसून निम्मी होऊं पाहते. मास्कमधली हवा अशी आकसली म्हणजे तो तुंबडीसारखा तोंडावर ओढला जातो. डोळ्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटून डोळे लालभडक होतात. उपाय सोपा : उतरतांना नाकावाटे थोडी हवा मास्कमध्यें सोडीत जावयाचें. परंतु त्यासाठीं नाक मास्कच्या आंत असावें लागतें. पोहण्याच्या तलावांतील गॉगल घालून खोल उतरूं नये तें ह्याच कारणासाठीं.

ही गोष्ट माणसास एकदम उमगली नाहीं. जाक कूस्तो ह्या फ्रेंच नौदलाच्या अधिकाऱ्यानें १९३६ सालीं तुलोंजवळच्या समुद्रांत प्रथम डोकें बुडवून पाहिलें तें गॉगलांतून, आणि त्या दर्शनानें त्याचें आयुष्य बदललें. पुढें १९४३ सालीं एमिल गान्यां ह्या अभियंत्याच्या साहाय्यानें त्यानें पाण्याखालीं श्वास पुरविणारें यंत्र सिद्ध केलें, तेंच आजच्या स्कूबाचें मूळ. जपानांतील आमा म्हणविणाऱ्या, समुद्रांत बुडी मारून शिंपा-शेवाळ काढणाऱ्या स्त्रियांनीं गॉगलांच्या बाजूस रबरी फुगे बसवून दाबाशीं जुळवून घेण्याची युक्ति केली होती. मग नाकासकट डोळे झांकणारा मास्क आला. पण कानांत दडे बसले म्हणजे नाक दाबून फुंकावें लागतें, तें त्या रबराच्या भांड्यांतून साधेना. इटलींतील जेनोआच्या क्रेस्सी कंपनीसाठीं लुइजी फेर्रारो ह्यानें १९५२ सालीं नाकासाठीं पुढें काढलेली स्वतंत्र पिशवी असलेला मास्क योजिला, कीं जीस बाहेरून दोन बोटांनीं चिमटींत धरतां येतें. लांब नाकाच्या लांकडी बाहुल्याच्या प्रसिद्ध इटालियन गोष्टीवरून त्याचें नांव ‘पिनोक्यो’ पडलें. आज कोणताही मास्क हातीं घ्या, त्या पिशवीवांचून तो सांपडणार नाहीं. आमच्या मतें मास्कच्या इतिहासांतील मोठी सुधारणा ती तेव्हांच होऊन गेली, आणि ३,८०० च्या मास्कांत ती पुरी उतरलेली आहे. रबराच्या जागीं सिलिकॉन आलें ही दुसरी. त्यानंतरचें बरेंचसें नटविणें आहे.

बरेंचसें म्हटलें, सगळें म्हटलें नाहीं. अधिकाच्या किंमतींत काय मिळतें, तें पाहूं.

प्रथम काच. दोन्ही मास्कांची काच ‘टेंपर्ड’ असते, म्हणजे तापवून झटकन् थंड केलेली; ती फुटली तर धारदार कपच्या न होतां बोथट खडे होतात, आणि डोळ्यापाशीं बसणाऱ्या काचेस हा गुण असलाच पाहिजे. काचेच्या कोपऱ्यांत तसा शब्द कोरलेला असतो, तो पाहून घ्यावा. युरोपांत डायव्हिंग मास्कसाठीं ‘ईएन १६८०५’ ह्या क्रमांकाचें प्रमाण २०१५ पासून आहे; त्याचा उल्लेख असला तर अधिक बरें. महाग मास्कची काच ह्याशिवाय लोहाचा अंश काढून टाकलेली असते. साध्या काचेंत थोडें लोह असतें, त्यामुळें ती कडेनें पाहिली तर हिरवट दिसते. ही शुभ्र काच हातांत धरली तर फरक खरोखरच दिसतो, आणि दुकानदार तो दाखवितोही मोठ्या खुबीनें, पांढऱ्या कागदावर दोन्ही मास्क शेजारीं ठेवून. पण हिशेब असा आहे कीं, मास्कच्या जाडीच्या साध्या काचेंतून सुमारें नव्वद टक्के प्रकाश पार होतो, आणि शुभ्र काचेंतून एखाद-दुसरा टक्का अधिक. इकडे समुद्राचें पाणी पहिल्या पांच-सात मीटरांतच तांबडा रंग गिळून टाकतें, आणि मालवणच्या किनाऱ्याशीं तर रेती उसळली म्हणजे चार हातांपलीकडचें दिसत नाहीं. ज्या खिडकींतून धुकें पाहावयाचें तिची काच बेल्जमची असली काय नि गांवठी असली काय! अंदमानास पाणी नितळ आहे, पण तेथेंही रंग परत आणावयाचा तर हातांत विजेरी धरावी लागते. तें काम काचेचें नव्हे.

मग दृष्टीचा आवांका. जाहिरातींत ‘विस्तृत दृश्य’ हा शब्द हटकून असतो. येथें भौतिकशास्त्रानें एक कुंपण घातलेलें आहे. सपाट काचेंतून पाहतांना, काच कितीही मोठी करा व डोळ्याच्या कितीही जवळ आणा, पाण्यांतील सुमारें ९७ अंशांच्या शंकूबाहेरचें कांहीं दिसूं शकत नाहीं. त्यापलीकडचे किरण डोळ्यापर्यंत पोंचावयाचेच नाहींत. म्हणजे मोठ्या काचेनें मिळणाऱ्या लाभास मर्यादा आहे, आणि काच मोठी केली कीं आंतली हवाही वाढते. तितकी अधिक हवा नाकानें भरावी लागते व पाणी शिरलें तर तितकें अधिक बाहेर लोटावें लागतें. दोन्ही बाजूंस आणखी खिडक्या लावलेले मास्क येतात. त्यांतून कडेनें उजेड येतो, मन मोकळें वाटतें, पण त्या सांध्यापाशीं एकाच माशाच्या दोन प्रतिमा दिसतात. ज्यांना कोंडल्यासारखें होतें त्यांनीं तसा घ्यावा. इतरांस आम्ही सुचविणार नाहीं.

आरशासारखे लेप, रंगीत लेप, चौकटीवरची कलाकुसर, चामड्यासारख्या पेटींतील बांधणी, ह्यांविषयीं लिहिण्याजोगें कांहीं नाहीं. लेपाची काच पुढें नीट घासतां येत नाहीं, एवढें मात्र ध्यानीं ठेवावें.

राहिली झालर, आणि महाग मास्कच्या बाजूनें खरी साक्ष देते ती हीच. चांगल्या मास्कांत सिलिकॉन दोन प्रकारचें असतें : चौकटीपाशीं ताठ, आणि त्वचेला लागतें तेथें लोण्यासारखें मऊ. तें कपाळास, गालफडांस, वरच्या ओंठास आपोआप वळण घेऊन बसतें, आणि तास-दीड तासानंतरही तोंडावर वण उमटवीत नाहीं. आठशें रुपयांच्या मास्कची झालर बहुधा सिलिकॉनची नसतेच. ती पीव्हीसी नांवाच्या प्लॅस्टिकची असते, कालांतरानें ताठते, आणि मग चेहरा व झालर ह्यांच्यामध्यें पाण्यास राजमार्ग मिळतो. तेव्हां आठशेंचा मास्क पहिल्या दिवशींच वादांतून बाद झाला. तसेच ते सारें तोंड झांकणारे, वर नळी असलेले मास्क. ते पृष्ठभागावर तरंगत पाहण्यासाठीं आहेत. टाकी घेऊन खालीं उतरणाऱ्यास ते निरुपयोगी व धोक्याचे.

इतकें झाल्यावर प्रश्न ३,८०० व १८,५०० ह्यांच्यांत उरला, आणि तो कागदावर सुटेना. म्हणून एका शनिवारीं पुतणीस व बंधूंस घेऊन आम्ही मुंबईच्या एका दुकानांत गेलों.

चाचणीची पद्धत फार साधी आहे, आणि आश्चर्य हें कीं घेणारे ती क्वचितच करतात. पट्टा मागें टाकून द्यावयाचा. मान वर करून छताकडे पाहावयाचें आणि मास्क नुसता तोंडावर ठेवावयाचा. सबंध झालर कोठेंही फट न ठेवतां टेकते कीं नाहीं तें दुसऱ्यानें फिरून पाहावयाचें. मग मान सरळ करून नाकानें अगदीं हलका श्वास आंत घ्यावयाचा व रोखावयाचा. मास्क हात न लावतां तोंडास चिकटून राहिला पाहिजे. जोरानें श्वास ओढला तर वाईट मास्कही चिकटतो. म्हणून हलका श्वास हीच कसोटी. शेवटीं तोंडांत श्वसनाची नळी धरून पुन्हा पाहावें, कारण नळी धरली कीं गालांची ठेवण बदलते.

स्त्रियांच्या बाबतींत कांहीं घरगुती गोष्टी आहेत, त्या दुकानदार सांगत नाहींत. कपाळावरची एक बट जरी झालरीखालीं राहिली तरी पाणी तिच्या आधारानें आंत येतें. नाकांतली चमकी पिशवीच्या आंतल्या बाजूस टोंचते, ती काढून ठेवणेंच बरें. केसांचें तेल झालरीस लागलें तर ती घसरते. लांब केसांची वेणी व सिलिकॉनचा पट्टा ह्यांचें वैर आहे. पट्ट्यावर कापडासारखें आवरण मिळतें, तें चार-पांचशें रुपयांचें आवरण चौकटीवरच्या साऱ्या कलाकुसरीपेक्षां अधिक सुख देतें. पुरुषांनीं मिशा राखावयाच्या तर नाकाखालची बोटभर पट्टी साफ करावी. आम्ही ती करूं कीं नाहीं हा आमचा खासगी प्रश्न आहे.

पुतणीनें प्रथम अर्थात् तो १८,५०० चा मास्क लाविला. दिसावयास देखणा, काच एकच अखंड, झालर खरोखर लोण्यासारखी. परंतु पोरीचा चेहरा आमच्या मातोश्रींच्या वळणाचा, निमुळता. कानशिलांपाशीं झालर टेकेना. हलका श्वास घेतला, आणि मास्क दोन क्षणांत तिच्याच हातांत उतरला. तिनें पुन्हा लाविला, पुन्हा उतरला. तिसऱ्या वेळीं तिनें एवढा जोरानें श्वास ओढला कीं तो चिकटला खरा, पण बंधूंनींच मान हलविली. नंतर तिनें पांच मास्क लावून पाहिले. ३,८०० चा वरच्या ओंठापाशीं सुटत होता. अखेर ४,४०० रुपयांचा, दोन निराळ्या काचांचा, काळ्या झालरीचा, नाकाच्या पुलापाशीं अरुंद असा एक मास्क तिच्या चेहऱ्यावर बसला तो जणूं मेणानें चिकटविल्यासारखा. ती हंसली तरी हलेना. आम्ही सहज म्हणून तो महागाचा मास्क आमच्या तोंडास लाविला, तर मिशा असूनही तो आम्हांस उत्तम बसला! रुंद चेहऱ्याच्या माणसासाठीं तो घडविलेला होता. त्याची किंमत आमच्या चेहऱ्यावर कदाचित् वसूल झाली असती, तिच्या चेहऱ्यावर एक रुपयाही नाहीं.

आतां दोन निराळ्या काचांचें महत्त्व. चष्मा घालून मास्क बसत नाहीं, कारण चष्म्याच्या काड्या झालर उचलून धरतात. अखंड काचेच्या मास्कास नंबर करून घ्यावयाचा तर आंतून भिंगें चिकटवावीं लागतात, तें खर्चाचें व वेळाचें काम. दोन काचांच्या कित्येक मास्कांत मात्र मूळ काच काढून तेथें नंबराची तयार काच बसवितां येते. ह्या तयार काचा अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्यांनीं मिळतात. तिरका नंबर असेल तर त्या उपयोगी नाहींत, भिंगें करवून घ्यावीं लागतात. पुतणीस तो नव्हता. ऋण साडेपांचच्या दोन काचा प्रत्येकीं १,९०० रुपयांना, म्हणजे ३,८०० रुपयांना पडल्या, एकंदर ८,२००. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स लावून उतरणारेही आहेत, पण मास्क पाण्यानें भरला व डोळे उघडे राहिले तर त्या वाहून जातात, आणि जिला मास्क भरण्याचीच धास्ती तिच्यासाठीं तो मार्ग नव्हे. ज्यांस चाळिशी लागली आहे त्यांनींही ऐकून ठेवावें : पाण्याखालीं वस्तु जवळ दिसते, त्यामुळें हातांतल्या दाबमापकाचे आंकडे वाचणें जमिनीवरच्यापेक्षां कठीण जातें. त्यासाठीं काचेच्या खालच्या भागीं वाचनाचीं लहान भिंगें बसवितां येतात. आमचें मत विचाराल तर मास्कवर अधिक पैसा खर्च करण्याचें निर्विवाद स्थान हेंच. मालवणास तिला जें दिसलें नाहीं तें काचेच्या शुभ्रतेच्या अभावीं नव्हे.

बंधूंचा मुद्दा तरीही शिल्लक होता : जिवाची गोष्ट. त्यावर आमचें बरेंच बोलणें झालें. मास्क गळला म्हणून कोणी बुडत नाहीं. श्वास तोंडांतल्या नळींतून चालूच असतो. घात होतो तो घाबरून श्वास रोखून वर धांवण्यानें. दहा मीटरांवर भरलेली छाती पृष्ठभागाशीं येतांना दुप्पट जागा मागते. ती हवा बाहेर सोडली नाहीं तर फुप्फुस फाटूं शकतें. म्हणजे भ्यावयाचें तें पाण्याला नव्हे, त्या एका क्षणाच्या घाबरण्याला. आणि जगांतला सर्वांत महाग मास्कही कधींतरी भरतोच : शेजाऱ्याचा पाय लागतो, हंसूं येतें, एक बट निसटते. त्यावेळीं काय करावयाचें हें अंगवळणीं पडलेलें असलें पाहिजे. मास्कच्या वरच्या कडेस दोन बोटें टेकवावीं, मान किंचित् वर करावी, आणि नाकानें शांतपणें हवा सोडावी. आंतलें पाणी खालच्या कडेनें निघून जातें. पाहतांना अगदीं सोपें. करतांना प्रथम नाक बंड करतें, कारण तोंडानें श्वास घ्यावा व नाकानें सोडावा ही गोष्ट बुद्धीस कळली तरी नाकास कळावयास वेळ लागतो.

हें बंधूंस पटलें. वांचलेल्या दहा हजार तीनशें रुपयांतून त्यांनीं पोरीची गांठ एका शिक्षकाशीं घालून दिली, आणि अंदमानास जाण्यापूर्वींचे सहा रविवार ती तलावांत मास्क मुद्दाम भरावयास व रिकामा करावयास शिकली. पहिल्या रविवारीं ती तीनदां उठून उभी राहिली. चौथ्या रविवारीं तिनें मास्क पार काढून, डोळे मिटून, तलावाच्या तळाशीं दहा श्वास घेतले व पुन्हा चढविला. बंधु तलावाच्या कांठावर खुर्ची टाकून बसत. ते मोठ्यानें श्वास मोजीत, हें तिला ऐकूं जात नसे तरीही.

मग महाग मास्क कोणीं घ्यावा? ज्याच्या चेहऱ्यास तोच बसतो व दुसरा बसत नाहीं, त्यानें डोळे झांकून घ्यावा. ज्याचा उदरनिर्वाह पाण्याखालीं आहे, जो दिवसांतून तीन-तीनदां उतरतो, त्याला झालरीचा मऊपणा रोज सुख देतो; किंमत दिवसांवर वांटली तर कांहींच नाहीं. वर्षांतून एकदां मालवण, गोव्याचें ग्रँड बेट किंवा मुरुडेश्वरजवळचें नेत्राणी येथें जाणाऱ्या गृहस्थास मात्र शिंप्याकडून सदऱ्याचें माप घेतात तशा निष्ठेनें चेहऱ्याचें माप द्यावें, आणि किंमतीची चिठ्ठी शेवटीं वाचावी, एवढेंच आम्ही सांगूं.

नव्या मास्कवर वाफ धरते तिच्याविषयीं दोन शब्द, कारण तिला घाबरून पुष्कळ लोक दुकानदारास परत करावयास जातात. कारखान्यांतून येतांना काचेच्या आंतल्या बाजूस एक अदृश्य चिकट थर राहिलेला असतो. त्यावर श्वासाची वाफ दंवासारखी बसते. साध्या पांढऱ्या टूथपेस्टनें, लेप नसलेली काच, आंतून दोन-तीनदां बोटानें घासावी व धुवावी. पुढें दरवेळीं उतरण्यापूर्वीं आंत थुंकी फिरवून खंगाळावें. सोंवळ्या-ओंवळ्याच्या घरांत हा उपाय लिहितांना आमची लेखणी अडखळते, पण बहुतेक पाणबुडे तोच करतात. ज्यांना नको त्यांनीं तान्ह्या मुलांचा सौम्य शांपू थेंबभर वापरावा. ही खटपट १८,५०० च्या मास्कासही चुकलेली नाहीं. वापर झाल्यावर गोड्या पाण्यानें धुऊन, सावलींत वाळवून, पेटींत ठेवावा.

माघांत पुतणी अंदमानास जाऊन आली. तिसऱ्या दिवशीं बारा मीटरांवर तिच्या सोबत्याचा पाय लागून मास्क सरकला व गळ्यापर्यंत उतरला. तिनें तो हातानें चांचपून वर घेतला, बसविला, पाणी काढलें, आणि डोळे उघडले तों समोर एक समुद्री कांसव गवत खात बसलें होतें. हें तिनें फोनवर सांगितलें तेव्हां मास्कची हकीकत पहिल्या अर्ध्या मिनिटांत आटोपली व कांसवाची वीस मिनिटें चालली. बंधूंनीं मधेंच विचारलें, “मोजलेस का श्वास?” ती म्हणाली, “नाहीं बाबा, विसरले.”

तो मास्क आतां कपाटांत वरच्या खणांत असतो. आषाढांत कांदेनवमीस घरांत भज्यांसाठीं अडीच किलो कांदे चिरावयाचे होते, आणि नाकासकट डोळे झांकणारी वस्तु घरांत असतांना रडावयाचें कशाला, म्हणून वहिनींनीं तो लेकीचा मास्क मागून घेतला. काचा मात्र ऋण साडेपांचच्या, तेव्हां त्यांना कांदा लिंबाएवढा दिसूं लागला. शिवाय वहिनींचा चेहरा गोल. चौथ्या कांद्याला कानशिलांकडून वास आंत शिरला व डोळ्यांतून पाणी आलेंच. मातोश्री झोंपाळ्यावरून पाहत होत्या. “माझ्याकडे आण,” त्या म्हणाल्या, “तो चेहरा माझा आहे,” आणि मास्क लावून त्यांनीं उरलेला सारा कांदा स्वतः चिरला.